मिरजेत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी प्रार्थनेची बाग हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेला उपचारासाठी रोज बाहेरगावची माणसे उतरतात. जत, आटपाडी, सांगोला, मंगळवेढा इकडची आणि अथणी, चिक्कोडी, विजापूर इकडचीही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केले, तेव्हापासून ही रीघ आहे. रुग्णाला खाट मिळते, पण सोबत आलेल्यांना साधी बसायला जागा मिळत नाही. अतिदक्षता विभागात भेटायला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ सोडतात. उरलेला सगळा दिवस ही माणसे जिन्यावर, पार्किंगमध्ये आणि चहाच्या गाड्यापाशी काढतात. आतून काय निरोप येईल या धास्तीत असलेल्या माणसाला हात जोडून, डोळे मिटून पंधरा मिनिटे कुठे बसावे असा प्रश्न पडतो. देऊळ, दर्गा, चर्च, जैन बस्ती गावात आहेत, पण बोलावणे आले तर पाच मिनिटांत परत पोचता येईल इतक्या जवळ प्रत्येकाचे श्रद्धास्थान असतेच असे नाही.

म्हणून आमची मागणी आहे की मिरजेतील मोठ्या रुग्णालयांच्या आसपास, चालत पाच मिनिटांच्या आत, सर्व धर्मांच्या माणसांना बसता येईल अशी एक शांत बाग महापालिकेने करावी. दहा गुंठे जागा पुरेशी आहे. आम्ही बागांची आखणी, देखभाल आणि रुग्णांच्या नातेवाइकांची सोय अशी कामे करणारी माणसे आहोत. अशी बाग चांगल्या हेतूने सुरू होते आणि बारीकसारीक गोष्टींत बिघडते, म्हणून त्या बारीकसारीक गोष्टीच या पत्रात मांडत आहोत.

पहिला मुद्दा आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. तिथली मर्यादा दिवसा ५० डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४० डेसिबल आहे. फलक लावून ही मर्यादा पाळली जात नाही, हे रस्त्यावर उभे राहिले की कळते. बागेत शांतता हवी असेल तर ती बांधावी लागते. रस्त्याच्या बाजूला झाडांची दाट रांग लावली की आवाज अडतो, असा सर्वत्र समज आहे. दहा-बारा फूट रुंदीच्या झाडीने कानाला जाणवेल इतका फरक पडत नाही. त्यासाठी शंभर फूट रुंद दाट पट्टा लागतो आणि दहा गुंठ्यांची एक बाजूच जेमतेम शंभर फूट भरते. आवाज अडतो तो वजनदार, फट नसलेल्या भिंतीने. नऊ इंची विटांची किंवा दगडाची, आठ फूट उंच भिंत रस्त्याच्या कडेला लागून हवी. बसलेल्या माणसाचा कान आणि गाडीचा हॉर्न यांच्यामधली सरळ रेषा तुटली की आवाज साधारण पाच डेसिबलने उतरतो आणि भिंत त्या रेषेच्या जितकी वर जाईल तितका आणखी. तीच भिंत रस्ता आणि बाकडे यांच्या मधोमध घातली तर तिचा उपयोग सर्वांत कमी होतो. ती एक तर रस्त्याजवळ असावी, नाही तर बसणाऱ्याच्या पाठीशी. भिंतीला जाळी किंवा नक्षीच्या खिडक्या ठेवल्या तर सगळा खर्च पाण्यात जातो, कारण आवाज फटीतून जवळजवळ पूर्ण आत येतो.

दरवाजाचेही तेच. रस्त्यावरून थेट आत पाहता येईल असे मोठे फाटक केले की भिंतीचे काम अर्धे वाया. जुन्या वाड्यांना दिंडी दरवाजातून आत गेल्यावर समोर आडभिंत असते आणि वळून चौकात जावे लागते. तशीच रचना इथे हवी. फाटकासमोर सहा फूट सोडून आडभिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चाकाची खुर्ची वळेल इतका, म्हणजे किमान पाच फुटांचा रस्ता. नजरेआड झालेला रस्ता कानालाही थोडा दूर गेल्यासारखा वाटतो. झाडांचा खरा उपयोग इथे आहे. भिंतीवर वेल चढवावा, तिच्यापुढे झुडपे लावावीत, पण भिंतीऐवजी नव्हे.

उरलेला आवाज झाकायला वाहते पाणी चालते, बेताने. रस्त्यालगत कारंजे करून उपयोग होत नाही. पाण्याचा आवाज बसणाऱ्याजवळ असावा लागतो. दगडी कुंडीतून सहा ते नऊ इंच उंचीवरून पातळ धारेने पाणी पडले की पुरते, त्याला लहान पाणबुडी पंप पुरेसा आहे. धार फुटाच्या वर गेली की खळखळाटाचाच त्रास होतो. उंच कारंज्याचे पाणी वाऱ्याने वाटेवर उडते, वाट निसरडी होते आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार साठून तोट्या काही महिन्यांत तुंबतात. मग ते कोरडे हौद प्लास्टिकच्या कपांनी भरलेले आपण सगळीकडे पाहतो. डासांचेही बघायला हवे. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडत्या डासापर्यंतची वाढ आठ-दहा दिवसांत होते, म्हणून कुंडी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करून कडा घासून कोरडी करावी. नुसते पाणी बदलून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली राहतात.

मधोमध एक पिंपळ असावा अशी आमची सूचना आहे आणि तिचे कारण धार्मिक तेवढेच व्यवहाराचेही आहे. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, त्यामुळे वारा पडल्यासारखा असतानाही पाने सळसळत राहतात. वर्षातला बराच काळ हा आवाज फुकट मिळतो. पण पिंपळ भिंतीजवळ लावू नये. दहा गुंठ्यांत, साधारण १०० बाय १०९ फुटांत, मध्यावर लावला तर प्रत्येक भिंत पन्नास फुटांवर राहते आणि मुळे भिंतीपर्यंत पोचायला मोठा काळ जातो. एवढ्या जागेत असे एकच झाड मावते. दुसरा वड, तिसरा उंबर असा आग्रह कोणी धरला तर नम्रपणे नाही म्हणावे लागेल.

त्या झाडाला पार बांधताना सर्वांत मोठी चूक होते. खोडाभोवती दीड-दोन फूट उंच गोल भिंत बांधतात, आत माती भरतात, वर फरशी बसवतात. झाडाचे खोड मातीत गाडले गेले की त्याची साल ओली राहून कुजते आणि सिमेंटखालच्या मुळांना हवा-पाणी मिळत नाही. दहा-पंधरा वर्षांनी झाड एका बाजूने वाळू लागते, तोपर्यंत कारण कोणाच्या लक्षात राहत नाही. पार बांधायचाच तर खोडापासून दहा-बारा फूट दूर, मूळ जमिनीवर, चुना-सिमेंट न घालता दगड रचून दीड फूट उंचीचा कट्टा करावा आणि आतली माती खोडाशी होती त्याच पातळीवर उघडी ठेवावी. वटपौर्णिमेसारखे खोडाला सूत गुंडाळणे इथे सुरू झाले तर सूत कापसाचेच असावे. नायलॉनचा दोरा कुजत नाही, वाढत्या खोडात रुततो.

सावलीसाठी कडेने बकुळ आणि करंज. बकुळीची सावली दाट, पानगळ थोडी, फूल पहाटे आपसूक खाली पडते, म्हणजे कोणी फांद्या ओढत नाही. पण बकूळ सावकाश वाढते. माणूस बसेल अशी सावली मिळायला आठ-दहा वर्षे जातात. म्हणून दोन बकुळींमध्ये एक करंज लावावा. तो भारी मातीत तगतो आणि चार-पाच वर्षांत सावली देतो. उन्हाळ्याच्या तोंडाला पाने गाळतो खरा, पण नवी पालवी लवकर येते. बकुळी मोठ्या झाल्यावर परवानगी घेऊन मधले करंज कमी करावेत. सोनचाफा दोन पुरेत, तोही पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर, कारण आपल्या काळ्या मातीत त्याची मुळे पहिल्याच दमदार पावसाळ्यात कुजतात. प्राजक्त असावा. त्याला पुढे-मागे बदलावे लागते हे धरून चालावे.

गुलमोहर, सप्तपर्णी आणि रातराणी या बागेत नकोत. गुलमोहराची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते, वळवाच्या वाऱ्यात फांदी कोसळते. सप्तपर्णी दिवाळीच्या सुमारास फुलते तेव्हा तिच्या उग्र वासाने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. रातराणीचेही तसेच. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला तीव्र वासाने मळमळते आणि मिरजेत कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. ज्या बागेत त्यांना पाच मिनिटेही बसवणार नाही, तिचा काय उपयोग? म्हणून सुगंधी झाडे बाकड्यांपासून वीस-पंचवीस फूट दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. कण्हेर देवाला चालते, तरी तिचे सगळे भाग विषारी आहेत. लहान मुले सोबत असतात, तेव्हा तीही नको.

आता माती. मिरज-सांगली भागात बऱ्याच ठिकाणी खोल काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरवर चार इंच खोदून पेव्हर ब्लॉक बसवले की दुसऱ्या वर्षी वाट लाटेसारखी वरखाली होते, बाकडी एका पायावर कलतात, भिंतीला तिरकी भेग जाते. वाटेखालची काळी माती किमान दीड ते दोन फूट काढून मुरूम भरावा. तोही एकदम नको. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस किंवा रोलर. त्यावर चार इंच काँक्रीट आणि मग टाकी लावलेली, खरबरीत शहाबादी फरशी. गुळगुळीत फरशी पावसाळ्यात शेवाळ धरते आणि रात्री घाबरत येणारी म्हातारी माणसे तिच्यावरून घसरतात. वाटेला पन्नास फुटाला एक फूट असा आडवा उतार ठेवावा, चढण बाराला एक यापेक्षा तीव्र नको, म्हणजे चाकाची खुर्ची एकट्यालाही ढकलता येते. खडी पसरलेली वाट सुंदर दिसते, पण चाके रुततात आणि पावलागणिक करकर वाजते. पूररेषेचाही विचार व्हावा. २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. नदीकाठची मोकळी जागा स्वस्तात मिळते म्हणून ती घेऊ नये.

बसण्याच्या जागा. ही गोष्ट आखणी करणारे सर्वांत घाईने उरकतात आणि बागेचे यश यावरच ठरते. प्रत्येक बाकाच्या पाठीशी काही तरी हवे, भिंत, झुडूप किंवा खोड. मागून माणसे जात असतील तर डोळे मिटवत नाहीत. दोन बाके समोरासमोर ठेवू नयेत, समोर बसलेल्याची नजर टाळण्यातच वेळ जातो. बाकाची उंची १८ इंच, पाठ आणि हात असलेली, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हाताचा आधार लागतो. लोखंडी आणि काळ्या पाषाणाची बाके एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बसवत नाहीत. लाकडी फळ्यांची बाके बरी, दर दोन वर्षांनी तेलपाणी करावे. काही जणांना मांडी घालूनच बरे वाटते. त्यांच्यासाठी १६ ते १८ इंच उंचीचे, सहा बाय चार फुटांचे तीन-चार कट्टे हवेत.

झुडपाची उंची चार फूट ठेवावी. हा आकडा सहज आलेला नाही. बाकावर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून पावणेचार-चार फुटांवर असतो, उभ्या माणसाचा पाच फुटांवर. चार फुटांच्या कुंपणामागे बसून रडणाऱ्या माणसाचा चेहरा शेजारच्या बाकावरून दिसत नाही, पण फेरी मारणाऱ्या राखणदाराला तो दिसतो. कुंपण सहा फूट वाढू दिले तर बायका तिथे एकट्या बसायला धजत नाहीत आणि संध्याकाळनंतर नको ती मंडळी जमतात. अडुळसा आणि मेंदी ही दोन झुडपे यासाठी उत्तम, अडुळशाला शेळीही तोंड लावत नाही. पावसाळ्यात दर सहा आठवड्यांनी हातकात्रीने छाटणी, एरवी दोन-तीन महिन्यांनी.

सर्व धर्मांसाठी म्हणजे नेमके काय, यावर पुष्कळ चर्चा होते आणि शेवटी प्रत्येक धर्माचे एक चिन्ह भिंतीवर रंगवून विषय संपतो. आमच्या मते चिन्हांपेक्षा माणसाला तिथे प्रत्यक्ष काय करायचे आहे ते पाहावे. नमाज पढणाऱ्याला स्वच्छ सपाट जागा, दिशा आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, पाणी हवे. मिरजेहून किब्ल्याची, म्हणजे मक्केतील काबाची, दिशा पश्चिमेपासून साधारण १३ ते १४ अंश उत्तरेकडे आहे. एका माणसाला अडीच बाय चार फूट लागतात, म्हणजे दहा बाय आठ फुटांच्या चौथऱ्यावर आठ जण दोन रांगांत मावतात. त्या चौथऱ्याची फरशीच त्या दिशेला काटकोनात बसवली की सांध्यांच्या रेषांवरून रांग आपोआप सरळ होते, बाण रंगवावा लागत नाही. चौथऱ्यासमोर भिंत असावी, म्हणजे नमाज चालू असताना पुढून कोणी जाणार नाही. हाच चौथरा इतर वेळी कोणालाही बसायला मोकळा.

सकाळी सूर्याला अर्घ्य देणाऱ्याला पूर्व मोकळी लागते. आपल्या अक्षांशावर सूर्योदय जूनमध्ये ठीक पूर्वेच्या सुमारे २४ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेला होतो. त्या कमानीत उंच झाड लावू नये, तुळस, जास्वंद, गोकर्ण अशी कमी उंचीची झाडे लावावीत. अर्घ्याचे पाणी थेट त्या वाफ्यातच पडेल अशी जागा ठेवावी. जैन बांधवांचे सामायिक, म्हणजे एका जागी बसून करायचे ध्यान, ४८ मिनिटांचे असते. हिरवळीवर बसणे, जीवजंतू चिरडणे ते टाळतात. त्यांना झाडलेला कोरडा कट्टा हवा आणि तो त्या वेळात कोणी उठवणार नाही अशा कोपऱ्यात हवा. लिंगायत बांधवांना इष्टलिंगपूजेसाठी तळहातावर लिंग घेऊन स्थिर बसायला कट्टा आणि जवळ पाणी. ख्रिस्ती माणूस गुडघे टेकतो, त्यासाठी एका कमी उंचीच्या कट्ट्यापुढे लाकडी पाटा पुरतो. बौद्ध उपासकाला ध्यानाला बसायला जागा लागते, शिवाय चंक्रमणासाठी, म्हणजे चालत करायच्या ध्यानासाठी, वीस-पंचवीस पावलांची सरळ, वळण नसलेली वाट. ही वाट जागेवर बसवत नाही अशा प्रत्येकाच्या उपयोगी पडेल. शस्त्रक्रिया चालू असताना बहुतेक नातेवाईक येरझाऱ्याच घालतात.

मूर्ती, मजार, क्रूस असे काहीही नव्याने बसवू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. यात कोणाच्या श्रद्धेचा अनादर नाही. मूर्ती बसली की तिला पूजा लागते, पूजेला पुजारी, आरतीला वेळ, वेळेला घंटा आणि उत्सवाला मांडव. ते सगळे देवळात योग्यच आहे. मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे, तिथे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची समाधी आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गाणे होते. गाजत्या उपासनेला या गावात जागा आहे. मुक्या उपासनेसाठी मात्र एकही नाही.

पाण्याची सोय फाटकाजवळ. हातपाय धुण्यासाठी बसायला बारा-पंधरा इंचांचे दगडी ठोकळे, समोर दाबून सोडायच्या तोट्या, म्हणजे वजूला दोन-तीन लिटर पाण्यात भागते. उघडी तोटी ठेवली तर त्याच्या कितीतरी पट वाहून जाते. खाली जाळीचे गटार आणि ते पाणी कर्दळीच्या वाफ्यात. साबण ठेवू नये. लोक कपडे आणि डबे धुऊ लागतात. ज्या दिवशी तिथे पहिला जेवणाचा डबा घासला जातो त्या दिवसापासून उंदीर येतात, उंदरांमागे मांजरे आणि कुत्री. खाणे बागेत नकोच, प्रसाद म्हणूनही नको. नातेवाइकांना जेवायला स्वतंत्र शेड दिली नाही तर हा नियम टिकणार नाही, हे आखणी करतानाच ध्यानात घ्यावे. स्वच्छतागृहाचेही तसेच. ते आत नको, पण दोनशे फुटांच्या आत हवे.

दिवा, मेणबत्ती, उदबत्ती लावण्याची इच्छा अनेकांना अनावर असते आणि ती बंद करण्याचा अधिकार आम्हाला तरी वाटत नाही. पण प्रत्येक झाडाखाली लावू दिली तर तेलाने दगड निसरडे होतात, मुंग्या-उंदीर येतात, धूर पसरतो. त्यासाठी ईशान्येच्या कोपऱ्यात, बाकांपासून दूर, दोन बाय एक फुटाची वाळू भरलेली दगडी परात एका छपराखाली ठेवावी. वाळू दर आठवड्याला चाळावी. कापूर आणि धूप नको. ऑक्सिजनच्या नळकांड्यासह फिरणाऱ्या रुग्णाने त्या बाजूला फिरकू नये, असे तिथे मराठी, कन्नड आणि उर्दूत लिहावे. निर्माल्यासाठी तीन बाय तीन फुटांचे, दोन फूट खोल असे दोन खड्डे आलटून पालटून वापरावेत. फुलांच्या प्रत्येक थरावर सुक्या पानांचा तितकाच थर घातला की वास सुटत नाही. हारांतले दोरे आणि जर आधी वेगळे काढावेत.

मोबाइलबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथेच चांगल्या बागा फसतात. ‘मोबाइल बंद ठेवा’ असा फलक लावला तर ज्यांच्यासाठी बाग आहे तेच आत येणार नाहीत. रक्त आणायचे आहे, सही हवी आहे, डॉक्टर बोलावत आहेत, असा फोन कधीही येतो. तो चुकण्याच्या भीतीने नातेवाईक दारातून हलत नाहीत. म्हणून नियम असा असावा की मोबाइल चालू, पण थरथरीवर. बोलणे फाटकाजवळच्या कोपऱ्यात, बाकांपासून पन्नास फुटांवर, आडभिंतीच्या पलीकडे. तिथे उभे राहून बोलायला छप्पर आणि भिंतीवर कागद टेकवून लिहायला फळी असावी. जागा निवडतानाच बागेच्या प्रत्येक कोपऱ्यात मोबाइलची रेंज येते का ते तपासावे, उंच भिंतीच्या आड काही ठिकाणी ती पडते. आणि रुग्णालयांनी वॉर्डाच्या नोंदवहीत ‘नातेवाईक बागेत आहे’ एवढी नोंद व क्रमांक घेण्याची पद्धत सुरू करावी. यात एक पैसाही खर्च नाही.

दिवे जमिनीलगत, अडीच-तीन फूट उंचीचे, पिवळसर उजेडाचे, उजेड खाली पाडणारे. उंच खांबावरचा पांढरा झोत डोळ्यांत जातो आणि किडे गोळा करतो. बाग रात्री बंद करू नये. अतिदक्षता विभागाबाहेरची माणसे रात्रीच जागी असतात. निदान फाटकाजवळचा भाग रात्रभर उघडा आणि तिथे राखणदार, संध्याकाळनंतर शक्यतो महिला कर्मचारीही. रात्री बाकांवर माणसे झोपतील, अशी भीती घातली जाते. झोपतात, कारण त्यांना निवारा नाही. त्यावर बाकाच्या मध्ये लोखंडी दांडा ठोकणे हा उपाय नव्हे, तो निवाऱ्याचा प्रश्न आहे आणि तो वेगळा सोडवला पाहिजे.

देखभालीला एक पूर्णवेळ माळी आणि एक झाडलोट करणारी व्यक्ती पुरे. झाडलोट पहाटे पाचच्या आत. खराट्याचा आवाज शांत बागेत केवढा होतो ते ऐकल्याशिवाय कळत नाही. पाने उडवायचे यंत्र आणि पेट्रोलवरचे गवतकापणी यंत्र या बागेत आणूच नये. हिरवळ कमी ठेवली की त्याची गरजही पडत नाही. नव्या झाडाला पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा १५ ते २० लिटर पाणी, बुंध्यापासून फूटभर अंतरावर, ठिबकने. तुळस दोन-तीन वर्षांत काष्ठवत होते, मंजिऱ्या खुडत राहाव्यात आणि दर वर्षी नवी रोपे तयार ठेवावीत.

बागेत पहिल्यांदा येणाऱ्या नातेवाइकांनाही काही सांगावेसे वाटते. दोघे असाल तर एकाने वॉर्डाबाहेर थांबावे, दुसऱ्याने यावे, अर्ध्या तासाने पाळी बदलावी. केमोथेरपीच्या रुग्णाला आणायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पांढऱ्या पेशी कमी असताना ओली माती, खत आणि साचलेले पाणी यांपासून त्याला दूर ठेवावे लागते. दिवेलागणीला येणार असाल तर अंगभर कपडे घालावेत, डास त्याच वेळी जास्त असतात. शेजारी कोणी रडत असेल तर चौकशी करू नये, सल्ला देऊ नये. पाण्याचा तांब्या जवळ ठेवून बाजूला व्हावे.

महापालिकेला एक विनंती विशेष आहे. बाग उभी राहिल्यावर दर वर्षी तिच्यात एकेक भर पडते. आधी खुली व्यायामशाळा येते, मग रंगीत दिव्यांचे अक्षर, मग संगीत कारंजे, मग देणगीदारांच्या नावांच्या बाकांची रांग. प्रत्येक भर एकेकटी पाहिली तर निरुपद्रवी असते. म्हणून मूळ ठरावातच लिहून ठेवावे की या जागेत ध्वनिक्षेपक लागणार नाही, उद्घाटनालाही नाही, आणि आराखड्याबाहेरचे बांधकाम होणार नाही. जागेवर आधीची झाडे असतील तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. त्यांना सामावूनच आखणी करावी.

वेळेचे गणित असे आहे. झाडांचे तीन बाय तीन बाय तीन फुटांचे खड्डे एप्रिलच्या आरंभी काढून महिनाभर उन्हात तापू द्यावे लागतात. मग काढलेल्या मातीत मुरूम, दोन घमेली कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून जमिनीपासून नऊ ते बारा इंच उंच भरायचे, म्हणजे पावसात माती बसून पाणी साचत नाही. लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर. भिंत आणि वाटा त्याआधी पूर्ण हव्यात, नाही तर बांधकामाच्या गाड्यांखाली रोपे जातात. हे जमायचे असेल तर जागेचा निर्णय दिवाळीपर्यंत आणि निविदा डिसेंबरपर्यंत व्हायला हवी. आखणीचे काम आम्ही मोबदला न घेता करून देऊ. वॉर्ड समितीने जागा सुचवावी आणि रुग्णालयांनी आपल्याकडे दिवसाला किती नातेवाईक थांबतात ते मोजून कळवावे, म्हणजे बाकांची आणि तोट्यांची संख्या नक्की करता येईल.

आपले,
बागकाम व रुग्णसेवेचे काम करणारे काही मिरजकर